मदत हवी आहे: लेक २१ची होणार, ग्रीन कार्डचा पत्ता नाही

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ईबी-२ (नोकरीवाल्या ग्रीन कार्डांचा एक गट) च्या रांगेत. वर्षाला नोकरीवाली साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग हलता हलत नाही. लेक एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा), बारावीत. २१ पूर्ण झाली की आमच्या अर्जातून बाहेर!

सीएसपीए (अर्ज रखडल्याने मुलं वयाबाहेर जाऊ नयेत म्हणून असलेला कायदा) नुसार वयातून आय-१४० (कंपनीने आमच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) प्रलंबित असलेले दिवस वजा होतात. पण आम्ही हौसेने प्रीमियम (लवकर निकालासाठीची जादा फी) भरून ते झटपट मंजूर करून घेतलं, आता वजा करायला उरलंय काय? त्यात ऑगस्ट २०२५ पासून वय धरायला पुन्हा फायनल अॅक्शनचाच तक्ता (ग्रीन कार्ड प्रत्यक्ष कधी मिळू शकतं त्या तारखांचा).

ज्यांची मुलं यातून गेली त्यांनी सांगा: एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) ला कॉलेज सुरू होतानाच बदललंत की विसाव्या वर्षी? एफ-१ साठी परत जाण्याचा इरादा दाखवावा लागतो, आणि इथे आईबापच ग्रीन कार्डाच्या रांगेत; ते कसं पटवलंत? राज्यातल्या विद्यार्थ्यांची कमी फी टिकली का?

कायदा बदलेल म्हणून थांबा, असं कृपया सांगू नका. देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं होतं, पुढे बारगळलंच.