विषय: जुने ऑनलाइन शोधनिबंध उतरवून घेणे

मंडळी, नमस्कार.
१९९०च्या दशकातल्या ऑनलाइन शोधपत्रिकांची यादी करायला घेतली आहे. निम्मे दुवे उघडतच नाहीत. जे अजून दिसतंय ते उतरवून एका डिस्कवर ठेवू या. बाकीच्यासाठी वेबपानांच्या जुन्या प्रती दाखवणारं वेबॅक मशीन आहेच.

——

> बाकीच्यासाठी वेबॅक मशीन आहेच.

काका, तिथे सगळं सापडेल या भरवशावर राहू नका. ते चालवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हने पानं साठवायला सुरुवात केली १९९६ मध्ये. 'पोस्टमॉडर्न कल्चर' हे शोधनियतकालिक १९९० मध्येच निघालं, तेही ईमेलने आणि फ्लॉपीवर. तेव्हा साठवायला वेबपानच नव्हतं! असे अंक पुढेही वेबवर आले नसतील, तर ते शोधायला जुन्या वर्गणीदारांच्या मेलपेट्या धुंडाळाव्या लागतील.

वेबवर आलेलंही टिकतंच असं नाही. २००० ते २०१९ या काळात पावणेदोनशेच्या आसपास मुक्त (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) शोधपत्रिका वेबवरून नाहीशा झाल्याचं एका अभ्यासात दिसलं होतं. उलट पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला प्रीप्रिंटचा, म्हणजे छापण्याआधीच्या निबंधांचा, साठा (arXiv) आजही चालू आहे. निबंधांच्या मूळ टेक (TeX या अक्षरजुळणी प्रणालीतल्या) फाइली जपल्या आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठाने जबाबदारी घेतली, म्हणून तो तगला असं मला वाटतं.

एका डिस्कवर तर मुळीच नको. स्टॅनफर्डच्या 'लॉक्स' (LOCKSS) या डिजिटल जतनाच्या व्यवस्थेत वेगवेगळ्या ग्रंथालयांतल्या प्रती एकमेकींशी ताडून पाहतात आणि बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करतात. आपल्याला एवढा व्याप झेपणार नाही, पण तीन घरी तीन प्रती आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा पडताळणीचा आकडा) एवढं तरी करू.

——

यात मराठी लेखांचं दुखणं वेगळंच आहे. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतप्रणाली) रुळण्याआधीची पानं त्या-त्या फॉन्टवर चालायची. फाइल शाबूत, पण फॉन्ट नाही, म्हणून पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा चिवडा. तेव्हा फाइलबरोबर फॉन्टही जपा. युनिकोड रूपांतर जरूर करा, पण मूळ फाइल पुसू नका. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. रूपांतरात ती भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. तळटीपांतल्या संस्कृत अवतरणांचे हाल तर विचारूच नका.

आणि काका, लेखकांची परवानगी घ्यायला आत्ताच सुरुवात करा. बरेच जण उतारवयात आहेत. नंतर वारसांना गाठायचं, म्हणजे बहुधा राहूनच जातं.

——

ताई, पटलं. यादीत दोन रकाने वाढवतो: फॉन्ट आणि परवानगी. जुन्या वर्गणीदारांना पत्रं पाठवायचं काम मात्र माझ्याच्याने होणार नाही. कोण घेतंय?