वसंताची वाट बघताना जुन्या फोटोंतली फुलपाखरं: तुमचे अनुभव लिहा

मिसिसागा, ऑन्टारिओ

आज फेब्रुवारीची १६ तारीख, बाहेर उणे १४, बाल्कनीच्या कठड्यावर वीतभर बर्फ आणि कॅमेरा ऑक्टोबरपासून कपाटात. इथे फुलपाखरांचे दिवस जेमतेम पाच महिने, उरलेले सात महिने मी जुनी हार्ड डिस्क काढून एकेक फोल्डर बघत बसते. या वर्षी ठरवलं की चांगले म्हणून निवडलेले फोटो बघायचेच नाहीत, 'फोकस गेला' म्हणून बाजूला टाकलेले आधी बघायचे.

त्यात २०१९ च्या ऑगस्टमधला एक सापडला. मिल्कवीडच्या झुडपावर मोनार्क फुलपाखरू बसलंय पण ते पूर्ण धूसर आणि त्याच्याखालचं वाऱ्याने अर्धवट उलटं झालेलं पान मात्र एकदम शार्प. झूम केलं तर त्या पानाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं पांढरट अंडं! मी तेव्हा नाव दिलं होतं 'विश्रांती घेणारी मोनार्क' आणि ती बाई तर अंडी घालत होती, पोटाचं टोक वाकवलेलं सुद्धा आता नीट दिसतं. फुलपाखरावर फोकस बसला असता तर हे अंडं मला कधीच दिसलं नसतं. अजून एक गंमत, फोटोवर वेळ रात्री साडेबाराची आहे. कॅमेरा पुण्यात घेतलेला, त्याचं घड्याळ मी कितीतरी वर्षं इथल्या वेळेला लावलंच नव्हतं, म्हणजे इथे दुपारचे तीन आणि आईकडे रात्रीचे साडेबारा.

आत्ता या क्षणी मोनार्क मेक्सिकोत मिचोआकानच्या डोंगरात, साधारण ३००० मीटर उंचीवर, ओयामेल फर झाडांच्या फांद्यांना लगडून बसल्यात. मार्चमध्ये त्या उत्तरेकडे निघतील, टेक्ससच्या आसपास मिल्कवीडवर अंडी घालतील आणि तिथेच संपतील, पुढचा प्रवास त्यांची मुलं नातवंडं करणार. शरदात इथून खाली जाणारी पिढी आठ-नऊ महिने जगते आणि उन्हाळ्यातली जेमतेम काही आठवडे. सप्टेंबरात पॉइंट पेलीच्या टोकावर ज्या झाडभर बसलेल्या बघितल्या, लेक ईरी ओलांडायला वाऱ्याची वाट बघत, त्यांच्यातली एकही जूनमध्ये माझ्या अंगणात परत येणार नाही. येतील त्या कधीच इथे न आलेल्या. हे कळल्यापासून जुने फोटो डिलीट करायला हात धजत नाही.

तर तुम्हीही लिहा. एखादा जुना फोटो, तेव्हा काय दिसलं होतं आणि आता काय दिसलं. मोबाइलचा असला तरी चालेल.

पुणे

ताई, आमच्याकडे गणित उलटं आहे. फुलपाखरांचा खरा बहर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर. वसंत म्हणजे पळस-पांगारा फुललेला, काटेसावरीवर पक्ष्यांचा कलकलाट आणि टेकडी मात्र वाळून कोळ. त्यामुळे आम्हीही आत्ता जुने फोटोच बघतोय.

माझा अनुभव असा की वेताळ टेकडीवरच्या फोटोंची मी जातीप्रमाणे फोल्डरं केली होती आणि त्यात 'वाळकं पान १' नावाचं एक आणि इव्हिनिंग ब्राउनचं एक अशी दोन वेगळी फोल्डरं होती, चार वर्षं मी त्या दोघांना वेगळी फुलपाखरं समजत होतो. पहिल्यात सगळे फोटो डिसेंबर ते मे, दुसऱ्यात सगळे जुलै ते ऑक्टोबर. तारखेनुसार एकत्र लावले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एकच फुलपाखरू! पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांवर ठळक डोळे असतात, म्हणजे सरडा-पक्षी चोच मारणार ती पंखाच्या कडेला, जीव वाचतो. उन्हाळ्यातल्या पिढीला ते डोळे जवळजवळ नसतातच, नुसता पाचोळ्याचा रंग, कारण तेव्हा जमिनीवर पाचोळाच असतो आणि गप्प पडून राहणं हाच बचाव. अळी कुठल्या हवेत वाढते त्यावर हे ठरतं. टेकडीवर शंभर वेळा जाऊन जे कळलं नव्हतं ते घरी बसून तारखा लावताना कळलं, म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगतो, फोटोची तारीख आणि जागा जपा, बाकी एडिटिंग नंतर कधीही होतं.

न्यू जर्सी

आमच्या घरची गोष्ट शेपूची आहे. सासूबाई २०२१ मध्ये सहा महिने राहायला आल्या होत्या, त्यांनी मागच्या अंगणात शेपू लावला, कारण इथल्या दुकानातल्या शेपूला वासच नाही असं त्यांचं म्हणणं. जुलैमध्ये बघतो तर शेपूवर हिरव्या, काळे पट्टे आणि पिवळे ठिपके असलेल्या जाडजूड अळ्या. मी हातमोजे घालून काढायला निघाले तर आई म्हणाल्या, "थांब गं, आपल्या लिंबावर येते ना, तिच्याच नात्यातली दिसतेय." त्यांनी काडीने हळूच टोचलं, अळीने डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सुटला. "बघ, लिंबावरची अशीच करते." आणि खरंच, ती ब्लॅक स्वॅलोटेलची अळी निघाली, आपल्या लिंबावरच्या लाइम बटरफ्लायच्याच कुळातली. शेपू, बडीशेप, गाजराचा पाला, पार्सली हे तिचं खाणं. नंतर कळलं की न्यू जर्सीचं राज्य फुलपाखरू म्हणून २०१६ साली हीच निवडली गेली, आपल्या महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन निवडलं त्याच्या पुढच्याच वर्षी.

त्या वर्षीचा शेपू आम्ही खाल्लाच नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या अळ्यांनी कोष केले ते हिवाळाभर तसेच राहणार होते, ही फुलपाखरं कोषातच थंडी काढतात. आईंची परतीची तारीख ऑक्टोबरात. जाताना त्यांनी पाच कोष असलेल्या काड्या एका जाळीच्या डब्यात घालून गॅरेजमध्ये ठेवल्या आणि मला बजावलं की घरात उबेला आणायचे नाहीत, अवेळी बाहेर येतील बिचारी, बाहेर एक फूल नसताना. नवऱ्याने त्या डब्याचा आणि आईंच्या हाताचा एक फोटो काढला मोबाइलवर, अगदी साधा, मागे कार दिसतेय.

एप्रिलच्या शेवटी तीन निघाली, आम्ही व्हिडिओ कॉलवर आईंना दाखवली. उरलेले दोन कोष निघालेच नाहीत, मला वाटलं थंडीने मेले. मागच्या आठवड्यात हा धागा वाचून मी तो सगळा आल्बम परत बघितला, मे महिन्यातला रिकाम्या कोषांचा फोटो मोठा केला तर त्या दोनपैकी एकाच्या कुशीला व्यवस्थित गोल भोक. शोधाशोध केल्यावर कळलं की एक गांधीलमाशीच्या जातीची माशी अळीतच अंडं घालते आणि कोषातून फुलपाखराऐवजी तीच बाहेर पडते. म्हणजे तोही कोष रिकामा गेला नव्हता! आई आता नाहीत, त्या असत्या तर हे ऐकून किती रमल्या असत्या. त्यांच्या हाताचा तेवढा एकच फोटो आहे माझ्याकडे ज्यात बोटांना माती लागलेली दिसते.

या वर्षीही गॅरेजमध्ये सहा कोष आहेत. कळवेन.

ठाणे

वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

ब्लू मॉरमॉनचा विषय निघाला म्हणून. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य, तेव्हा पेपरात 'राणी पाकोळी' नाव आलं होतं, आता नीलवंत पण म्हणतात. त्याच वर्षी मी पहिला डीएसएलआर घेऊन रविवारी सकाळी ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू बागेत जायला लागलो. ब्लू मॉरमॉन स्थिर बसतच नाही हो, फुलातला मध पितानाही पंख फडफडत राहतात, १/२५० सेकंद शटर स्पीडवर काढलेले माझे सगळे फोटो निळ्या धुरासारखे आलेत. तीन वर्षांनी शहाणपण आलं, १/१२५० च्या खाली जायचंच नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. बाकी छोट्या, पंख मिटून बसणाऱ्यांसाठी एकच नियम पाळतो, पंखाचा पसारा आणि कॅमेऱ्याची पाठ समांतर ठेवायची, मग एफ ८ ला (लेन्सचं छिद्र लहान ठेवून) कडेपर्यंत खवले दिसतात. आणि आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, सावली पडली की उडालंच.

तरी सांगतो, आता परत बघताना ते निळे धूरवाले फोटोच आवडतात. ते उडताना कसं दिसतं ते त्यातच आलंय.

लीड्स, इंग्लंड

मी तीन वर्षं एकाच फोटोच्या मागे आहे. ब्रिमस्टोन नावाचं लिंबाच्या रंगाचं फुलपाखरू आयव्हीच्या पानांत लपून हिवाळा काढतं आणि मार्चच्या पहिल्या बऱ्या उन्हात बाहेर येतं, ते दिसलं की समजायचं थंडी संपली. त्याचा उघड्या पंखांचा फोटो हवा होता. माझ्याकडे आत्तापर्यंत १४० फोटो, सगळे मिटलेल्या पंखांचे! मग कळलं की ते बसलं की पंख मिटूनच बसतं, वरची बाजू बघायची तर उडतानाच. आता मार्चची वाट बघतोय ती उडतानाचा प्रयत्न करायला.

शेडमध्ये छताच्या लाकडाला दोन पीकॉक नावाची फुलपाखरं चिकटलीयत नोव्हेंबरपासून, बाहेरून कोळशासारखी काळी, हलत नाहीत. मी कुदळ घ्यायला जातो तेव्हा दार अगदी सावकाश उघडतो. फोटो काढलेला नाही, फ्लॅशने उठतील आणि या दिवसांत खाणार काय. ती पंखांची उघडझाप करायला लागतील तेव्हा आतला मोर दिसेल.

दोडामार्ग

आमच्याकडे वसंत म्हणजे वहाळ, म्हणजे ओढा. फेब्रुवारी संपता संपता पाणी आटत जातं, कडेला ओली वाळू राहते आणि तिथे चिखलपान सुरू होतं. निळ्या पट्ट्याची कॉमन ब्लूबॉटल, पिवळी ग्रास यलो, पुढे एप्रिल-मे मध्ये स्पॉट स्वॉर्डटेलचे थवेच्या थवे. बहुतेक सगळे नर, त्यांना मातीतलं मीठ लागतं, फुलात ते मिळत नाही.

माझा फोटो डिजिटल नाही. वडील शाळामास्तर होते, त्यांच्याकडे रोलचा कॅमेरा, एका रोलमध्ये ३६ फोटो आणि ते ३६ गणपती, बारसं, शाळेचं गॅदरिंग या सगळ्यात पुरवायचे, तर त्यातले दोन त्यांनी वहाळावरच्या फुलपाखरांवर खर्च केले याचं आईला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. धुवायला सावंतवाडीला द्यायचा, पंधरा दिवसांनी मिळायचा. प्रिंटवर बुरशी धरलीय आता. मी परवा स्कॅन केला तर फुलपाखरांच्या घोळक्याच्या बाजूला वाळूत छोटी पावलं उमटलेली दिसली, अनवाणी, पाच-सहा वर्षांच्या पोराची. ती माझी असणार. मागे बाबांच्या अक्षरात फक्त 'चैत्र, दुपार' लिहिलंय, साल नाही. पुण्याचे दादा म्हणतात ते पटलं, साल हवं होतं.

पाणी अजून आहे तिथे. मार्चमध्ये जाऊन त्याच जागेवरून काढणार आहे.

नाशिक

माझ्याकडे फक्त मोबाइल. अंगणातल्या आंब्यावर बांडगूळ होतं, त्यावर दर हिवाळ्यात जेझबेल यायच्या, पिवळ्या-लाल पंखांच्या. मागच्या वर्षी झाड साफ करायला माणसं आली आणि बांडगूळ काढून टाकलं, झाडाला त्रास होतो म्हणे, मी घरी नव्हते. या हिवाळ्यात एकही आली नाही. जुने फोटो बघताना लक्षात आलं की बांडगुळाच्या पानावर पिवळ्या अंड्यांचे नीट ओळीत मांडलेले पुंजके होते, मी फूल समजून फोटो काढला होता. शेजारच्या वाड्यातल्या चिंचेवर... नाही, आंब्यावरच, अजून एक बांडगूळ आहे, त्या काकांना जाऊन विनंती केलीय की ते काढू नका. हो म्हणाले.

मिसिसागा, ऑन्टारिओ

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. नाशिकच्या ताई, काकांना माझ्याकडूनही धन्यवाद सांगा. काल इथे अधिक ६ होतं, छपरावरून पाणी गळायला लागलंय. अजून मोर्निंग क्लोक नावाचं फुलपाखरू दिसलेलं नाही, ते झाडाच्या सालीखाली हिवाळा काढतं आणि बर्फ शिल्लक असतानाही उन्हाला येतं. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र लावलं. मग परत भारताच्या वेळेवर केलं, राहू दे तसंच.

न्यू जर्सी

२७ एप्रिल. सकाळी कॉफी घेऊन गॅरेजमध्ये गेले तर एका कोषाची साल काचेसारखी पातळ झालेली आणि आतून पंखावरचे पिवळे ठिपके दिसतायत. डबा व्हरांड्यात आणून ठेवलाय. मुलीने सकाळीच शेपूचं बी पेरलं. बाकी पाच कोषांना अजून भोक नाही की रंग बदल नाही. मी इथेच बसलेय, मोबाइल चार्ज आहे.