बटर लेट्यूसची भाजी केली तर सगळं पाणीच झालं, काय चुकलं?

डिचोलीची_सून: शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मऊसूत पानांचा गड्डा दिसला, बाई म्हणाली बटर लेट्यूस, सॅलडला घालतात. आमच्याकडे सॅलड म्हणजे कांदा-काकडी, म्हणून मी आपली तांबड्या भाजीसारखी कांदा-मिरचीवर परतली, झाकण ठेवलं, वर खोबरं. दहा मिनिटांनी बघते तर मूठभर हिरवा चिखल आणि वाटीभर पाणी, वर कडवट. अर्धा गड्डा फ्रीजमध्ये आहे, सासूबाई रोज विचारतात त्या कोबीचं काय केलंस.

माडाखाली: झाकण ठेवलंस तिथंच गेलं गो! ह्या पानात 95 टक्के पाणीच असतं. पानं सुटी कर, देठाकडे माती लपलेली असते म्हणून दोनदा धू, मग दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात टाक, परत ताठ होतात. नंतर फडक्यात गुंडाळून अगदी कोरडी कर, ओल्या पानाला तेल धरतच नाही. एक चमचा माडाचं विनेगर, तीन चमचे तेल, मीठ, मिरपूड. पण हे ताटात वाढताना हं, आधी कालवून ठेवलंस की परत तुझा चिखल.

सुंगटखाऊ: शिजवूच नये असं काही नाही. फ्रेंच लोक मटार लेट्यूससोबतच शिजवतात, बटर आणि छोटे कांदे घालून, पानांना सुटलेल्या पाण्यात. म्हणजे तुझं ते वाटीभर पाणी कामाचं होतं! चिनी पद्धतीत लसणावर मोठ्या आचेवर मिनिटभर परतायचं, बस. मला स्वतःला विचारशील तर गरम रवा लावलेली सुंगटं (म्हणजे कोळंबी), वर लिंबू, आणि पानात गुंडाळून थेट तोंडात.

बाल्कनीतला_शेतकरी: कडवट लागलं म्हणजे बहुतेक गरमीत वाढलेलं होतं. देठ मोडून बघा, पांढरा चीक येतो, लॅक्टुका हे लॅटिन नाव त्या दुधावरूनच आलंय. उष्णता वाढली की झाड मधून दांडा काढून फुलावर जातं आणि पानं कडू होतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतच घ्यावं. मी शहाणपणा करून एप्रिलात बी पेरलं, एक उगवलं नाही, 30 अंशांच्या वर ते बी झोपूनच राहतं म्हणे, रोज सकाळी कुंडीला पाणी घालणारा मीच येडा.

डिचोलीची_सून: काल सुंगटं करून पानात गुंडाळून दिली. सासूबाईंनी पान उलगडून बाजूला ठेवलं, सुंगटं खाल्ली आणि म्हणाल्या कोबी कोवळा होता.