मॅकॉयने केलं ते बरोबर होतं का? (स्टार ट्रेक, 'द एम्पाथ')

दर्यावर्दी:
मी मालवाहू जहाजावर सेकंड मेट आहे, सध्या सुट्टीवर घरी. परवा जुन्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकी टीव्ही मालिकेतला १९६८चा 'द एम्पाथ' हा भाग पुन्हा पाहिला. परग्रहवासी एंटरप्राइज या अवकाशयानाचा कप्तान कर्कला सांगतात, छळाच्या प्रयोगासाठी तुझा उपप्रमुख स्पॉक किंवा डॉक्टर मॅकॉय यांतला एक दे. मॅकॉय गेला तर त्याच्या मरणाची शक्यता ८७ टक्के. स्पॉक गेला तर तो जगेल, पण कायमचा वेडा होण्याची शक्यता ९३ टक्के. मॅकॉय कर्कला गुंगीचं इंजेक्शन देतो. मग स्पॉक प्रमुख होतो आणि स्वतः जायचं ठरवतो, तर मॅकॉय त्यालाही झोपवतो आणि स्वतः जातो.

लहानपणी हे बघून रडलो होतो. आता अडखळतो, कारण तीन वर्षांपूर्वी आमचा कॅडेट, म्हणजे शिकाऊ पोरगा, बॅलास्ट टँकमध्ये (जहाजाचा तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात ती बंद टाकी) बेशुद्ध पडला. गंजाने आतला ऑक्सिजन खाल्लेला. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तसाच उतरायला निघाला. मी त्याला बॉयलर सूटला धरून मागे खेचलं. "साहेब, सोडा माका," म्हणून तो ओरडत होता. बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) येऊन लोक आत जायला सहा मिनिटं लागली. पोरगा वाचला. दर दोन महिन्यांनी ड्रिलमध्ये हेच घोकतो की अशा टँकमध्ये वाचवायला धावलेलेच खूप मरतात. मग मॅकॉयला मी थोर कसं म्हणू? आणि नाही म्हणायलाही जीभ रेटत नाही.

शुक्रतारा:
तुमच्या प्रश्नाला जवळचा भाग 'द मेनॅजरी' आहे, १९६६चा. कर्कच्या आधी एंटरप्राइजचा कप्तान असलेला पाइक कॅडेटांच्या जहाजाची तपासणी करत असताना यंत्रातली बॅफल प्लेट फुटते, किरणोत्सार पसरतो. जिवंत असलेल्या पोरांना बाहेर काढायला पाइक आत जातो. शेवटी खुर्चीत बंद, फक्त दिवा लुकलुकवून हो किंवा नाही सांगू शकतो. अकरा वर्षं, चार महिने, पाच दिवस त्याच्या हाताखाली काढलेला स्पॉक त्याच्यासाठी एंटरप्राइज पळवतो, कर्कला फसवतो, मृत्युदंडाचा धोका पत्करतो. मला निष्ठा म्हटलं की हाच स्पॉक आठवतो. पाइक तुमच्या बोसनसारखाच गेला ना आत?

परिचारिका_ठाणे:
मी आयसीयूत आहे. कोविडमध्ये पेशंट तडफडत असला तरी आधी किट, मग पेशंट. दारात उभं राहून गाऊन बांधताना हात थरथरायचे. दर्यावर्दी, तुम्ही बोसनला धरलंत ते योग्यच.

मॅकॉयचं मात्र वेगळं वाटतं. तो आंधळेपणाने धावत नाही. त्याला आकडे सांगितलेत आणि कोणीतरी जाणारच आहे. त्याच्याकडे बीए सेटची वाट बघण्याचा पर्याय नव्हता. परवानगी न घेता सुई टोचली, हे मला डाचतं, तेही डॉक्टरने. पण पुढचा प्रसंग बघा. तो मरायला टेकलाय, दुसऱ्याच्या वेदना आणि जखमा स्वतःवर घेऊ शकणारी मुकी परग्रहवासी जेम त्याच्या जखमा स्वतःवर घेऊ पाहते, तर तो तिला दूर ढकलतो. स्वतःचा जीव त्याने देऊन टाकला, पण दुसऱ्याचा घ्यायला तो तयार नाही. मी तिथे दरवेळी थांबते.

दर्यावर्दी:
ताई, जेमचा तो प्रसंग मी डोळ्यांआड केला होता. आणि शुक्रतारा, हो, पाइक बोसनसारखाच गेला. फरक एवढाच की पाइकला धरायला कोणी नव्हतं.

त्या दिवसानंतर बोसन आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. मी समजावत राहिलो, नियम सांगत राहिलो. तो कॅडेट त्याच्याच गावचा होता, आईने पोराला त्याच्या भरवशावर पाठवलेलं, हे मला खूप नंतर कळलं. त्या सहा मिनिटांत त्याच्या मनात काय चाललं होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही. तो आता मालवणला घरी आहे. रात्री फोन करतो.