मदत हवी आहे: भाचीच्या लग्नात द्यायला मुरणारी रेड वाइन कोणती?

पुण्याचा मामा
पुढच्या आठवड्यात नाशिकला भाचीचं लग्न आहे. दोघांनाही वाइनची आवड. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला उघडतील अशी रेडची एक बाटली द्यायची आहे. दुकानदार म्हणतो, जितकी जुनी तितकी चांगली, कुठलीही घ्या. मला नाही पटत. माझी एक बाटली तीन वर्षं माळ्यावर उभी होती. उघडली तर बुचाचा भुगा, रंग विटकरी आणि वास थेट व्हिनेगरचा. नाव सांगा, घाई आहे.

द्राक्षवेल
बजेट? आणि दहा वर्षं ठेवणार कुठे?

पुण्याचा मामा
सहा हजारांपर्यंत. ठेवतील घरात, आणखी कुठे?

अकलूजकर
फ्रातेलीची सेत्ते घ्या. आमच्या अकलूजची. सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षांची. बाहेरची कशाला हवी?

द्राक्षवेल
सेत्ते मलाही आवडते, पण आपल्या उन्हाळ्यात घरातल्या कपाटात दहा वर्षं? कुठलीच वाइन टिकणार नाही. १२-१३ अंश लागतात, तेही बारा महिने.

अकलूजकर
मग फ्रिज आहे की!

द्राक्षवेल
साधा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, हवा कोरडी. बूच आटतं, आत हवा शिरते. मामांच्या माळ्यावर तेच झालं, वर उष्णता.

सुमनताई
आहेरात बाटली विहीणबाईंना चालणार आहे का? आधी विचारून घ्या. मी भाचीला चांदीचं निरांजन दिलं होतं, अजून रोज लावते.

पुण्याचा मामा
ताई, चांदी आईकडून आहेच. आणि घर म्हणजे हॅम्बुर्गचं. लग्न झालं की दोघं परत तिकडेच. इमारतीला तळघर आहे, त्यात सायकली नि बटाटे ठेवतात.

द्राक्षवेल
अहो मामा, हे आधी सांगायचं! तळघर म्हणजे अर्धं काम झालं. बाटली इथून नेऊच नका, तिकडेच घ्या. बारोलो बघा. इटलीतल्या पिएमोंतेची, नेबिओलो द्राक्षांची. टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा) आणि आंबटपणा दोन्ही भरपूर, म्हणून मुरते. विकायच्या आधीच ३८ महिने ठेवावी लागते, त्यातले १८ लाकडात. २०१६ किंवा २०१९ सालची मिळाली तर उत्तम.

पोर्तोवाला
व्हिंटेज पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची एकाच सालच्या द्राक्षांची कडक वाइन, ती सोडून बारोलो? २०१६ किंवा २०१७ ची घ्या, तीस वर्षं बघायला नको.

द्राक्षवेल
गोड असते हो ती. जेवणाबरोबर काय पिणार?

पोर्तोवाला
जेवणानंतर प्यायची. आणि पोर्टही रेडच की.

पुण्याचा मामा
दोघं २०१९ लाच भेटले! बारोलो २०१९ नक्की. तिच्या तिथल्या मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवतो, मांडवात पाकिटात चिठ्ठी देईन. बाटली आडवीच ठेवायची ना?

द्राक्षवेल
हो, आडवी. बूच ओलं राहायला हवं. चिठ्ठीत तेही लिहा.