कॅनडातली जुनी टेक्निकल हायस्कूलं : शॉप, वर्ग आणि सोबती (अनुभव धागा)

टोरांटोचं सेंट्रल टेक १९१५ साली उघडलं. व्हँकूवर टेकची ब्रॉडवेवरची इमारत १९२८ची. १९१९च्या कायद्याने केंद्र सरकारने तंत्रशिक्षणासाठी एक कोटी डॉलर बाजूला काढले आणि पुढच्या काळात गावोगावी अशा शाळा वाढल्या. इथल्या मराठी मंडळींपैकी काहींनी या शाळांत शिकवलं आहे, काही तिथून निघालेल्या कारागिरांच्या हाताखाली तयार झाले, तर काही जण तिथली जुनी यंत्रं दुरुस्त करून चालू ठेवतात. त्या पिढीतले विद्यार्थी आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. म्हणून १९४० ते १९६५ या काळात ही मुलं काय शिकायची, कसं शिकायची आणि वर्गात एकमेकांशी कशी बांधली जायची, हे इथे नोंदवून ठेवू या. ('शॉप' म्हणजे शाळेतली कार्यशाळा.) विनंती एकच: स्वतःच्या गोष्टींपेक्षा मापं, अवजारं, पद्धती आणि चुका लिहा.

मशीन शॉप (हॅमिल्टनहून)

सुरुवात टूल क्रिबपासून करायला हवी, कारण वर्गाचा खरा कारभार तिथून चाले. जाळीच्या खिडकीमागे अवजारांची खोली. प्रत्येक मुलाकडे स्वतःचा नंबर ठोकलेले पितळी बिल्ले. मायक्रोमीटर हवा असेल तर बिल्ला द्यायचा आणि तो मायक्रोमीटरच्या रिकाम्या खुंटीवर अडकवला जायचा. तास संपण्याआधी काम थांबवून चिप्स (धातूचा कीस) ब्रशने झाडायच्या (हाताने कधीच नाही, पोलादाची कुरळी चिप बोट कापते), लेथच्या बेडवर तेलाचा हात फिरवायचा आणि अवजारं परत करायची. एक जरी बिल्ला खुंटीवर राहिला, तरी सगळा वर्ग थांबायचा. खिडकीमागे बसणारा मुलगा वर्गातलाच, पाळीपाळीने बदलणारा. फोरमनही मुलांतलाच. जवळच्या मित्रालासुद्धा बिल्ल्याशिवाय अवजार द्यायचं नाही, ही शिस्त मुलं एकमेकांना लावत. माझ्या मते या शाळांनी दिलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

सुरुवातीच्या कामांत सेंटर पंच (भोक पाडण्याआधी धातूवर खूण ठोकायचं टोकदार अवजार) हमखास असायचा. अर्ध्या इंचाचा गोल टूल स्टीलचा तुकडा, साडेचार इंच लांब. दोन्ही टोकं फेसिंग करून (सपाट कापून) घ्यायची, मधल्या भागावर पकडीसाठी नर्लिंग (खरखरीत नक्षी), आणि पुढचा दीड इंच कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी सरकपट्टी) तिरकी लावून निमुळता करायचा. लेथचा वेग ठरवायचं सूत्र भिंतीवर लिहिलेलं असे: कापण्याच्या वेगाची चौपट, भागिले इंचातला व्यास. साध्या पोलादाला हायस्पीड टूलने मिनिटाला १०० फूट धरले, तर एक इंची सळईला ४०० फेरे. टूल स्टील चिवट, त्याला याच्या निम्माच वेग. इथे घाई केली की टूलची धार निळी पडून बसते.

मग पाणी देणं. टोकाचा इंचभर भाग चेरी लाल करायचा, सुमारे १,४५० अंश फॅरनहाइट. रंगाचा अंदाज येत नसेल तर लोहचुंबक लावून बघायचं. तो धरेनासा झाला की आणखी थोडं तापवून पाण्यात. बुडवल्यावर पंच वर-खाली हलवत राहायचं. एकाच पातळीवर स्थिर धरला तर पाण्याच्या रेषेवर तडा जातो. टोक निवलं की चटकन एमरीने चकचकीत करायचं, कारण मागच्या भागातली उष्णता पुढे सरकू लागते आणि रंग धावतात: फिका पिवळा, गवती, तपकिरी, जांभळा, निळा. तपकिरी संपून जांभळा सुरू होतो त्या क्षणी पुन्हा पाण्यात. फिक्या पिवळ्यावर थांबलं तर टोक पहिल्याच ठोक्याला तुटतं. निळं होऊ दिलं तर टोक बोथट होऊन पसरतं. हे रंग काही सेकंदांत सरकतात, म्हणून एकाने सांडशी धरायची आणि दुसऱ्याने रंगावर डोळा ठेवून ओरडायचं, ही जोडी उत्तम. डोकं मात्र मऊच राहू द्यायचं. डोक्यालाही पाणी दिलं तर हातोडीखाली त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. ९० अंशांचं टोक शेवटी ग्राइंडरवर, जरा जरा लावत आणि पाण्यात बुडवत. तिथे टोक निळं पडलं की आधीचे सगळे श्रम वाया.

लेथच्या दोन सेंटरांमध्ये (टोकदार आधारांमध्ये) काम धरताना एक चूक वारंवार होई. सळई तापली की लांबते आणि टेलस्टॉकच्या (लेथच्या मागच्या आधाराच्या) न फिरणाऱ्या डेड सेंटरवर दाबून बसते. सफेदा आणि तेलाचं वंगण संपलं की किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि सेंटरचं टोक जळतं. म्हणून मधूनमधून यंत्र थांबवून टेलस्टॉक किंचित सैल करायचा. आणि चकची (काम पकडून फिरणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्ये विसरायची नाही. चावीवरचा हात सोडण्याआधी ती चकमधून बाहेर यायला हवी, हा नियम शेजारच्या लेथवरच्या मुलासाठी होता.

वीजविभाग आणि २५ सायकलचा प्रश्न (टोरांटोहून)

दक्षिण ऑन्टारियोत तेव्हा वीज २५ सायकलची (सेकंदाला २५ आवर्तनं, म्हणजे २५ हर्ट्झ) होती. ऑन्टारियो हायड्रोने १९४९ ते १९५९ या काळात ती ६० सायकलवर आणली. त्यामुळे या दहा वर्षांत शिकणाऱ्या मुलांना दोन्ही हिशेब यावे लागत. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटारीचा सिंक्रोनस वेग (पुरवठ्याने ठरणारा मूळ वेग) २५ सायकलवर मिनिटाला ७५० फेरे, ६० वर १,८००. म्हणजे २.४ पट. जुनी मोटार तशीच नव्या पुरवठ्यावर लावली तर तिचा जोर घटतो, पण मोकळी फिरताना वेग प्रचंड वाढतो. ग्राइंडरच्या चाकावरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो जवळजवळ पावणेसहा पट होतो आणि चाक फुटू शकतं. उलट बाजूने, ६० सायकलचा ट्रान्सफॉर्मर त्याच व्होल्टेजच्या २५ वर लावला तर लोखंडी गाभा संपृक्त होऊन (चुंबकत्व आणखी पेलेनासा होऊन) वाइंडिंग जळतं. २५ सायकलच्या वस्तू वजनदार असायच्या त्या याचमुळे: त्यांना गाभ्यात जास्त लोखंड लागतं.

वायरिंगचा सराव लाकडी सांगाड्यांवर चाले: दोन बाय चार इंची खांब, १६ इंचांवर, खऱ्या घराच्या भिंतीसारखे. दोघांना एक सांगाडा. स्विचच्या पेटीत किमान सहा इंच मोकळी तार सोडायची, काळी फेज, पांढरी न्यूट्रल. जिन्याच्या वायरिंगमध्ये (दोन ठिकाणांहून एक दिवा) हमखास होणारी चूक म्हणजे गडद रंगाच्या कॉमन स्क्रूवर ट्रॅव्हलर तार (दोन स्विचांना जोडणारी) लावणं. मग दिवा एक स्विच ठरावीक बाजूला असेल तरच दुसऱ्याला दाद देतो. हे लक्षण दिसलं की सगळं उकलायची गरज नाही, फक्त कॉमन तपासायचा. तारांचा सांधा करताना प्रत्येक बाजूला पाच-सहा घट्ट वेढे, मग डाग. उष्णता सांध्याला द्यायची, कथलाला नाही. आणि राळेचा फ्लक्स वापरायचा, कारण आम्लाचा फ्लक्स पुढे तांबं खातो. त्यावर आधी रबर टेप, मग फ्रिक्शन टेप.

सुतारकाम आणि आटे, थोडक्यात

कॅनडाच्या शाळेतल्या सुतारकामाची खूण म्हणजे चौकोनी खाचेचा रॉबर्टसन स्क्रू. पी. एल. रॉबर्टसन यांनी तो १९०८च्या सुमारास काढला. कारखाना ऑन्टारियोतल्या मिल्टनला. स्क्रू पेचकसाच्या टोकावर आपोआप बसून राहतो, त्यामुळे दुसरा हात लाकूड धरायला मोकळा. पेचकसांच्या मुठींचे रंग ठरलेले: हिरवी एक नंबर, लाल दोन, काळी तीन. लाल खाचेत हिरवी घातली की खाचेचे कोपरे झिजून स्क्रू वाया.

मशीन शॉपबद्दल वर लिहिलंय, त्यात आट्यांची भर. १९४८च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने ६० अंशांचे समान आटे मान्य केले. तोवर ब्रिटिश सामान ५५ अंशांच्या व्हिटवर्थ आट्यांचं यायचं. अर्ध्या इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे आणि अमेरिकी पद्धतीत १३. नट दोन फेरे जातो आणि अडकतो. पान्याने जोर लावला की आटे गेलेच.

टायपिंग आणि शॉर्टहँड

मुलींची मोठी संख्या कमर्शियल (कचेरीकामाच्या) विभागात असायची, बाकी शिवणकाम, गृहशास्त्र आणि कला. सेंट्रल टेकचा कलाविभाग नावाजलेला: चित्रकार डोरिस मॅकार्थी यांनी तिथे १९३२ ते १९७२ शिकवलं, शिल्पकार एलिझाबेथ विन वुड यांनीही. मशीन शॉपमध्ये मुली नसत. युद्धकाळात मात्र तीच यंत्रं पाळ्यांमध्ये चालवून स्त्रियांना कामाला तयार केलं गेलं, हे विसरू नये.

टायपिंगचा हिशेब असा: पाच ठोके म्हणजे एक शब्द; दहा मिनिटांची परीक्षा; प्रत्येक चुकीला दहा शब्द वजा. समजा २,७५० ठोके झाले, म्हणजे ५५० शब्द. चुका सहा, ६० वजा, राहिले ४९०. मिनिटाला ४९. एका चुकीची किंमत मिनिटाला एक शब्द, म्हणून धावण्यापेक्षा ताल सांभाळणारी मुलगी पुढे जायची. ताल तुटला की अक्षरांच्या दोन दांड्या एकमेकींत अडकतात. खोडताना कॅरेज आधी एका कडेला सरकवायची, नाहीतर रबराचा चुरा यंत्रात पडून दांड्या चिकटतात. कार्बन प्रती असतील तर प्रत्येक कार्बनच्या वरच्या बाजूला कागदाची चिठ्ठी सरकवून मगच खोडायचं, नाहीतर खालच्या सगळ्या प्रतींवर काळा डाग. मुंबईत पिटमन शॉर्टहँडच्या क्लासला गेलेल्यांना इथल्या पिटमनच्या वह्या सहज वाचता येतील: तेच जाड-बारीक फटकारे, ओळीच्या वर, ओळीवर आणि ओळीतून.

ऑटो शॉप : हिवाळा (विनिपेगहून)

प्रेअरीतल्या शाळेत थंडीशिवाय ऑटो शॉप शिकवताच येत नाही. रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून त्यात तेव्हा दोन गोष्टी घालत: स्वस्त मिथेनॉल किंवा महाग ग्लायकॉल. मिथेनॉल ६५ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे इंजिन गरम झालं की उडत राहतं. हायड्रोमीटरने तपासून भर घालावी लागते. ग्लायकॉल टिकतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पण 'जास्त घातलं तर जास्त चांगलं' हे चूक आहे: निव्वळ ग्लायकॉल उणे १३च्या आसपासच गोठतं. आणि दोन्ही एकत्र कधी करू नये. मिथेनॉल पाण्याहून हलकं, ग्लायकॉल जड, त्यामुळे हायड्रोमीटर भलतंच दाखवतो आणि ब्लॉक फुटल्यावरच खरं कळतं.

वर्गातली मुलं

युद्धानंतर या वर्गांत इटालियन, पोलिश, युक्रेनियन घरांतली मुलं वाढली. १९५६च्या उठावानंतर सुमारे ३७,००० हंगेरियन कॅनडात आले. भारतीय मुलं फार क्वचित. १९५१च्या करारानुसार वर्षाला फक्त १५० भारतीयांना प्रवेश होता, त्यामुळे या काळात मराठी वर्गमित्र जवळजवळ नाहीतच. आपली माणसं मोठ्या संख्येने आली ती १९६७च्या गुणपद्धतीनंतर (शिक्षण, कौशल्य वगैरेंना गुण देऊन प्रवेश).

नव्या मुलाला इंग्रजी येत नसलं तरी शॉपमध्ये त्याचं अडत नसे, कारण ड्रॉइंग वाचता आलं की काम सुरू होतं. अडचण मापांची. तो मिलिमीटरमध्ये वाढलेला आणि इथे सगळं इंचात, हजारांशात. जोडीदार त्याला पहिलं शिकवायचा ते हे: मायक्रोमीटरचा एक पूर्ण फेरा म्हणजे २५ हजारांश, चाळीस फेरे म्हणजे इंच. दुसरी अडचण ड्रॉइंगची. युरोपात पहिल्या कोनाचं प्रक्षेपण (वस्तूची दृश्यं कागदावर कुठे मांडायची याची पद्धत), इथे तिसऱ्या कोनाचं. आपल्या आयटीआयमध्येही पहिलाच कोन शिकवतात. तिसऱ्या कोनात वरचं दृश्य वरच आणि उजवं उजवीकडेच काढतात. ही सवय बदलली नाही तर भोक तुकड्याच्या उलट्या बाजूला पडतं, आणि तुकडा भंगारात.

१९६२ पासून ऑन्टारियोत शाळांच्या अभ्यासक्रमांची नवी वाटणी करणारी रोबार्ट्स योजना आली. तीन शाखा, आणि पाच, चार किंवा दोन वर्षांचे अभ्यासक्रम. इमारती आणि यंत्रांच्या खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्र सरकारने उचलल्यामुळे शॉप्स चकचकीत झाली. पण मला ती वाटणी मुलांवर अन्याय करणारी वाटते. तेरावीला आणि तिथून विद्यापीठाला जायची वाट पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातूनच होती. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या मुलापुढे ती जवळपास बंद. चार वर्षांचा कोर्स केलेल्याला टोरांटोत रायर्सन इन्स्टिट्यूट (स्थापना १९४८) होतं, आणि १९६५च्या कायद्यानंतर निघालेली कम्युनिटी कॉलेजं.