मदत हवी आहे: अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, स्प्लिंट (सांध्याला धरून ठेवणारा आधार) कुठला घ्यावा?

आईचा (वय 63, उजवा हात) अंगठा मनगटाजवळ जिथे सुरू होतो तो सांधा झिजलाय, एक्सरे झालाय, संधिवाताची रक्ततपासणी नॉर्मल आहे. बाकी बोटं ठीक, पण कुलपात किल्ली फिरवणं, बरणीचं झाकण आणि सगळ्यात वाईट म्हणजे सांडशीने भरलेलं पातेलं उचलणं, तिथे कळ येते आणि पकडच सुटते. डॉक्टर म्हणाले चिमटीत जेवढा जोर लावतो त्याच्या साधारण 12 पट त्या सांध्यावर येतो, ऑपरेशन आत्ता नको, आधार द्या.

शेकून झालं, जेल लावून झालं, मेडिकलमधून मनगटाचा पट्टा आणला तर त्यात अंगठा मोकळाच, मग उपयोग काय, आणि लांब स्प्लिंटमध्ये मनगट पण जखडतं, कणीक मळता येत नाही, ओला झाला की लवकर वाळत नाही. किल्लीला जाड मूठ बसवली, तेवढा फरक पडला. स्वयंपाक ती सोडणार नाही, ते कृपया सुचवू नका 🙂

तर फक्त मुळाचा सांधा धरणारा, मनगट आणि अंगठ्याचं टोक मोकळं ठेवणारा, धुता येणारा छोटा स्प्लिंट कोणी वापरलाय का? तयार चालतो की ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं करता यावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) मापाने करून घ्यावा, आणि तो घालून सांडशी धरता येते का?